डब्यातला निळा दिवा

आमच्या आईनं आणि ताईनं एकमेकींशी बोलणं टाकलं ते धपाट्यांवरून. हसू नका. आमच्या घरात याहून मोठ्या कारणावरून कधी कुणी भांडलेलं नाही. मोठं कारण आलं की आम्ही सगळे शहाण्यासारखे वागतो.

झालं असं, आई गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस ताईकडे, नांदेडजवळच्या अर्धापूरला राहायला गेली होती. ताईचं घर शेतातच आहे. तिकडं त्याला आखाडा म्हणतात. चार खोल्या, समोर ओटा आणि ओट्यावरून दिसते ती केळीची बाग. एका सकाळी ताईच्या सासूबाईंसमोर आई सहज बोलून गेली, "हिला ल्हानपणापासून धपाटे थापायला जमत न्हाईत. कडंला जाड अन् मधी पातळ." ताईच्या लग्नाला बावीस वर्षं झालेली. बावीस वर्षं ती त्या घरात धपाटे थापत होती आणि कुणाची तक्रार नव्हती. त्या दिवसापासून सासूबाई प्रत्येक धपाट्याची कड चाचपून बघायला लागल्या. ताई आईला म्हणाली, "मग नको येत जाऊ खायला." आईनं पिशवी भरली, मिळाली ती बस धरली आणि लातूरला माझ्या दारात उभं राहून जाहीर केलं, "तिनं बोलावल्याबिगर म्या तिच्या दारात पाऊल ठेवायची न्हाई. अन् फोन बी करायची न्हाई."

मी लातूरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आई माझ्याजवळ असते. म्हणजे दोघींच्या मधली तार मीच. "तिला म्हणावं, लोणच्याची बरणी माझ्याकडंच राहिली." "तिला सांग, बरणी ठेव म्हणावं, मला काय लोणचं मिळत न्हाई का?" मी निरोप पोचवायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचे. आईशिवाय ताईचं आणि ताईशिवाय आईचं पान हलत नाही हे मला ठाऊक होतं. त्यामुळे चार दिवसांत मिटेल असं मी धरून चालले. दिवाळी झाली तरी मिटलं नाही. ताई भाऊबीजेला मामाकडे, मामेभावांना ओवाळायला गेली, पण आमच्याकडे आली नाही, आणि आईनं तो सबंध दिवस डोकं दुखतंय म्हणून झोपून काढला.

त्याच वर्षी मी ताईच्या बागेत हवामानाचा डबा बसवला होता. मागणी दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. केळीला थंडी बाधते. पहाटे पारा दहाच्या खाली गेला की घड झाडाच्या पोटातच अडकतो, पानं पिवळी पडतात. तशी पहाट आली की बागेला पाणी सोडायचं, बांधावर ओला पाचोळा पेटवून धूर करायचा, असा उपाय असतो. पण ती पहाट कुठली, हे कळणार कसं? "मोबाइलवर नांदेडची थंडी कळती," दाजी म्हणाले, "माझी केळी नांदेडात न्हाईत. मॅडम, तुम्ही येवढं शिकलाव, आमच्या बागेला एखादा थर्मामीटर लावून द्या की."

थर्मामीटर लावेन तर मी कसली प्राध्यापक? मी पत्त्याच्या कॅटाएवढा छोटा संगणक घेतला. त्याला तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर जोडला, सिमकार्डाचं मोडेम जोडलं आणि सगळं पारदर्शक झाकणाच्या डब्यात बसवून बांधावरच्या खांबाला ठोकलं. शिवारातल्या लोकांना वेबसाइट वगैरे नको होती, म्हणून सोपी सोय केली. डब्याच्या नंबरवर नुसती रिंग द्यायची. डबा फोन कापतो आणि उलट मेसेज पाठवतो, 'तापमान अमुक, आर्द्रता तमुक, सगळं ठीक.' रिंग आली की आत एक निळा दिवा लुकलुकायचा. तो ताईच्या ओट्यावरून दिसायचा. मला त्या दिव्याचं फार कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. लातूरला आल्यावर आईच्या फोनमध्येही मी तो नंबर टाकून दिला आणि एकदा रिंग देऊन दाखवली. आईनं चष्मा लावून मेसेज वाचला, म्हणाली, "बरं हाय," आणि फोन उशीखाली ठेवला. माझ्या संशोधनाचं एवढंच कौतुक झालं.

आता मुख्य दुखणं. खांबापर्यंत वायर ओढावी तर उंदीर कुरतडतात, त्यांनी सोडली तर ट्रॅक्टर तोडतो. सोलरची पाटी लावावी तर चोर दुसऱ्या दिवशी उतरवून नेतात. म्हणून डबा नुसत्या बॅटरीवर. एक बॅटरी डब्यात, दुसरी घरात चार्जिंगला. मी दाजींना छातीठोकपणे सांगितलं होतं, पंधरा दिवसांतून एकदा बदला. डबा तिसऱ्या दिवशी मेला.

"मॅडम, तुमचा डबा झोपला बगा," दाजींचा फोन. बदलली बॅटरी. पुन्हा तीन दिवस. "मॅडम, खायला काळ अन् भुईला भार झालाय ह्यो. खांद्यावर बॅटरी घेऊन बांधानं फिरून राहिलो मी, लोक म्हणतेत, लाऊडस्पीकरचा धंदा काढला का काय." थंडी तोंडावर आलेली. दाजींनी शेवटी मुदतच दिली. येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येपर्यंत, डबा दहा दिवस चालून दाखवावा, नाहीतर त्या खांबाला ते बुजगावणं उभं करणार होते. "त्याला चार्जिंग लागत न्हाई," असं वर म्हणाले.

मला राग येतो. लहानपणापासून येतो. मी बाजारातून सगळं सामान पुन्हा आणलं, तसाच जुळा डबा माझ्या टेबलावर मांडला आणि मीटर लावून बसले. कुठं पाणी मुरतंय ते शोधायचंच. आणि काय सांगू, नुसती उधळपट्टी! संगणकाला पडदा जोडलेला नव्हता, तरी तो पडद्यासाठी चित्र तयार करत बसलेला. ते बंद केलं. वायफाय कुणी वापरत नव्हतं, ते चालूच. तेही बंद केलं. तापमान मोजायला किती अक्कल लागते? तरी साहेब पूर्ण वेगानं धावत होते. वेग अर्ध्यावर आणला. तरीसुद्धा मीटरचा काटा माझ्याकडे बघून हसत होता.

आई शेंगा फोडत बघत बसलेली. तिनं विचारलं, "त्यो थंडी कितींदा मोजतो?"

"पंधरा मिनिटांतून एकदा."

"मग मधल्या वेळात काय करतो?"

"काही नाही. वाट बघतो."

"जागा राहून? अगं मग झोपू दे की त्याला! काम न्हाई तर जागं कशाला ठिवायचं? तुझ्यासारखीच गत."

अठरा वर्षं पोरांना हेच शिकवते मी. पुस्तकात पहिल्या पानावर असतं, काम नसताना यंत्र झोपवा. आणि ते सातवी शिकलेल्या बाईनं शेंगा फोडता फोडता सांगावं! मी घड्याळाची एक बारकी चिप आणली. ती संगणकाला पंधरा मिनिटांनी उठवायची, तो थंडी मोजायचा, लिहून ठेवायचा आणि पुन्हा झोपायचा. जागं राहायचं ते फक्त मोडेम, रिंग ऐकण्यापुरतं. टेबलावरचा जुळा डबा चौदा दिवस चालला. मी कॉलेजात पेढे वाटायच्या बेतात होते.

तीच सगळी करामत अर्धापूरच्या डब्यात नेऊन घातली. तिथे तो पाच दिवसांत मेला.

तोच संगणक, तोच प्रोग्राम, तीच बॅटरी. लातूरला चौदा दिवस, अर्धापूरला पाच! "हवापालट मानवला न्हाई त्याला," दाजी म्हणाले. मी पुढच्याच रविवारी बसनं अर्धापूर गाठलं. डोकं तापलेलं होतंच. झाकण उघडलं आणि समोर तो निळा दिवा दिसला. माझ्या टेबलावरच्या डब्यात मी दिवा बसवलाच नव्हता. बरं सापडलास, म्हटलं. पकड घेतली आणि दिवा मुळापासून छाटला.

ताई चहा घेऊन बांधावर आली होती. कप हातात तसाच धरून म्हणाली, "त्यो दिवा कशाला काढलास?"

मी तिला व्याख्यान दिलं. दिवा किती मिलिअँपिअर खातो, दर रिंगेला लुकलुकत राहिला की थेंबे थेंबे तळं कसं साचतं, अशा डब्यात शोभेच्या वस्तूंना जागा नसते, वगैरे. ती ऐकत होती असं मला वाटलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "पर रिंग आलेली कळायची कशी?"

"तुला कशाला कळायला पाहिजे? ज्यानं रिंग दिली त्याला मेसेज जातो ना!"

ताईनं कप बांधावर ठेवला आणि आत निघून गेली. जेवताना धपाटे होते. मी मुद्दाम दोन जास्त खाल्ले, तरी तिचा चेहरा काही उजळला नाही. मला वाटलं, दाजींशी काही वाजलं असेल. स्वतःला हुशार समजणारी बाई होते मी.

दिवा काढून डबा किती जास्त चालला? काही तास. म्हणजे चोर दुसराच होता. मग माझ्या डोक्यात आलं की टेबलावरच्या डब्याला कुणी रिंग देत नाही. प्रत्येक रिंगेला झोपलेला संगणक दचकून उठतो, मेसेज पाठवतो, आणि मेसेज पाठवताना मोडेम बकासुरासारखी वीज खातं. म्हणजे शिवारातले कुणीतरी रिकामटेकडे लोक दिवसभर रिंगा देत असणार! मी दाजींना फोनवर फैलावर घेतलं. "तुमच्या लोकांना थंडी एकदा कळली तर पुरत नाही का?" दाजी म्हणाले, "आमचे लोक पाटंचं एकदाच बघतेत, मॅडम. दिवसा थंडी बघायला आम्ही काय लातूरचे हाव का?" हे बोलून ते हसले. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही.

मी दाजींना नवा प्रोग्राम भरलेलं मेमरी कार्ड पाठवलं. त्यात रिंग देणाऱ्या प्रत्येकाचा नंबर आणि वेळ लिहून ठेवायची सोय होती. आठवड्यानं दाजींनी ते कार्ड लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती परत पाठवलं, सोबत अर्धा डझन केळी. स्टँडवरून घरी येऊन मी चपला न काढता कार्ड उघडलं. पहाटेच्या वेळी शिवारातले चार-पाच नंबर, तेही एकदाच. बाकी पान भरून एकच नंबर. एका दिवसात सतरा वेळा. तो नंबर मला पाठ होता, कारण त्याचं रिचार्ज मीच करते.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! आईचा फोन दिवसभर टिंग टिंग वाजायचा आणि मला वाटायचं कंपनीवाले जाहिराती पाठवतात. मी एकदा म्हणालेही होते, "दे, ते मेसेज बंद करून देते." तर केवढ्यानं खेकसली होती, "राहू दे, येऊ दे!"

मी कागद घेऊन आत गेले. "आई, हे काय आहे?"

तिनं चष्म्यातून कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "म्या फोन केला न्हाई."

"सतरा वेळा केलास!"

"रिंग दिली. रिंग दिल्यानं काय फोन होतो व्हय? कुणी उचललं का? कुणी बोललं का? म्या माझं बोलणं मोडलं न्हाई."

"अगं पण कशाला? अर्धापूरच्या आर्द्रतेशी तुला काय करायचंय?"

"त्या आकड्यांचं मला काय करायचं?" आई म्हणाली. "शेवटी लिवलेलं असतं बग, सगळं ठीक. तेवढं बगते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ते 'सगळं ठीक' मी लिहिलं होतं, सेन्सर चालू आहे एवढ्याच अर्थानं. मला तिथे 'ओके' लिहायचं होतं, पण शिवारातल्या लोकांसाठी मराठी शब्द घातला होता. आईलाही ते यंत्राचं ठीक आहे हे कळत होतं, ती काही खुळी नाही. तरी तो मेसेज ताईच्या ओट्यासमोरून यायचा. दुसरं काहीच तिकडून येत नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी एक केळं सोलून खाल्लं.

संध्याकाळी ताईला फोन लावला. म्हटलं, चोर सापडला, आपल्याच घरात होता. सगळं सांगितलं.

"ताई, ऐकतेस ना?"

"मला म्हायीत हाय," ताई म्हणाली. "पयल्या आठवड्यापासून म्हायीत हाय. पाटं साडेपाचला दिवा लागायचा, तिच्या चहाच्या आधी. मग पूजा झाल्यावर. मग दुपारी जेवून आडवी व्हायच्या आधी. मग दिवेलागणीला. शिवारात ह्या टायमाला कोण थंडी इचारतं? म्या ओट्यावर बसूनच भाजी निवडायची." मग तिचा आवाज चढला. "अन् तू येऊन त्यो दिवाच छाटून गेलीस, भवाने! मला आता काय कळतंय, ती बरी हाय का न्हाई?"

सहा महिने दोघी बोलत नव्हत्या असं मी सगळ्यांना सांगत होते. त्या दिवसाला सतरा वेळा बोलत होत्या. मी मधली तार आहे या घमेंडीत होते, आणि खरी तार मी पकडीनं छाटून आले होते. दाजींनाही सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही शोधून राहिला होताव की, मॅडम. शास्त्रज्ञाच्या मधी कशाला बोलायचं?"

पुढच्या रविवारी पुन्हा अर्धापूर. दिवा परत जोडला, आधीपेक्षा मोठा. पण डबा दहा दिवस चालवायचा तर मोडेमलाही झोपवणं भाग होतं. पहाटे साडेपाचला पंधरा मिनिटं आणि दिवेलागणीला पंधरा मिनिटं, एवढंच ते रिंग ऐकणार. पारा दहाच्या खाली गेला तर मात्र डबा स्वतः उठून दाजींना फोन लावणार. आईला हे समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "अन् मधी मला काही वाटलं तर?"

"तर ताईला फोन कर."

तिनं तोंड फिरवलं.

आली येळवस. आमच्या लातूर भागात त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली मडकंभर आंबील घेऊन. आई दरवर्षी आंबिलीची एक किटली ताईकडे घेऊन जायची. यंदाही तिनं दरवर्षीएवढीच आंबील केली आणि मी काही विचारलं नाही. साडेपाचची रिंग दिली तेव्हा मेसेज आला, 'तापमान ९, आर्द्रता ८८, सगळं ठीक.' डब्यानं त्याच्या आधीच दाजींना उठवलं होतं आणि बागेला पाणी सुरू झालं होतं. दहा दिवस भरून वर एक दिवस झाला होता. माझी लाज राहिली. पण आईच्या जिवाला ते नऊ लागलं. ती किटली पुसायची, परत ठेवायची. आठच्या सुमाराला तिनं डब्याला पुन्हा रिंग दिली. बंद. परत दिली. बंद. चार वेळा बंद.

मग माझ्याकडे न बघता तिनं दुसरा नंबर लावला. आई नेहमी स्पीकरवरच बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुमचा डबा बंद हाय," आई म्हणाली. "म्हणून केला."

ताईच्या मागे कोंबडा ओरडला. मग ताई म्हणाली, "तापमान बारा."

"बरं."

"हवा गार हाय. केळी बरी हायेत." ताईचा आवाज फुटला. "सगळं ठीक न्हाई. तू ये."

आई अकराच्या गाडीनं किटली घेऊन गेली आणि महिनाभर आलीच नाही. तिथे धपाट्यांवरून दोनदा भांडण झाल्याचं दाजींनी मला आनंदानं कळवलं.

आता ती परत आली आहे आणि रोज ताईला फोन करते. पण त्याआधी डब्याला रिंग देतेच. मी म्हणाले, आता कशाला? तर म्हणे, "दिवा लागला की ती हात धुऊन फोनजवळ येती." म्हणून मी डब्याला आणखी दोन वेळा जागं राहायला शिकवलंय, पूजा झाल्यावर आणि दुपारी आडवं व्हायच्या आधी. चौदा दिवस चालला असता तो डबा आता अकरा दिवस चालतो. माझ्या वहीत वीज खाणाऱ्या प्रत्येक भागाची एक ओळ आहे, आणि समोर वीज कमी करायचा उपाय लिहिलेला आहे. सेन्सर, घड्याळ, मोडेम, दिवा. सगळ्यात खाली मी 'आई' अशी एक ओळ घातली, आणि तिच्या समोरचा रकाना कोरा ठेवला.